जुने कागद आणि नवा प्रवास

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



यंदाच्या व्याख्यानासाठी चिटणीसांनी जो विषय मजकडे सोपविला तो ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. या व्यासपीठावरून आजवर शिक्षण, विवाह, वसतिगृहे, शिष्यवृत्त्या यांविषयी पुष्कळ विद्वानांनी विचार मांडले. जुन्या कागदपत्रांविषयी बोलण्याचा प्रसंग क्वचितच आला असेल. परंतु समोर बसलेल्या मंडळींकडे दृष्टी टाकली म्हणजे या निवडीचे औचित्य पटते. ज्यांचा मुलगा, मुलगी, जावई वा पुतण्या अमेरिकेत नाही असे घर आज आपल्यामध्ये शोधूनच काढावे लागेल. तेथे गेलेल्या या तरुण मंडळींना कित्येक वर्षांच्या प्रतीक्षेनंतर कायम निवासाचा हक्क मिळतो. ज्याला आपण सारे ‘ग्रीन कार्ड’ म्हणून ओळखतो ते कार्ड एके दिवशी टपालाने घरी येते. पेढे वाटले जातात, मायदेशी येण्याचा बेत ठरतो, आणि नेमका त्याच वेळी प्रश्न उभा राहतो की, आजवर जिवापाड जपलेल्या जुन्या कागदांचे आता काय करावयाचे?

या प्रश्नाची दोन उत्तरे सामान्यतः दिली जातात आणि दोन्ही घातक आहेत. पहिल्या पक्षाचे लोक सगळे कागद एका जाड पाकिटात भरून विमानतळावर नेतात आणि अधिकाऱ्याने काही विचारण्यापूर्वीच त्याच्यापुढे पसरतात. दुसऱ्या पक्षाचे लोक “आता या कटकटीतून सुटलो” असे म्हणून ते फाडून टाकतात. आज मला जे सांगावयाचे आहे त्याचे सार एवढेच की, नवा हक्क मिळाल्यावर जुन्या कागदाचा अधिकार संपतो, पण त्याची साक्ष संपत नाही. म्हणून त्याचा वापर करू नये आणि त्याचा नाशही करू नये.

हा विचार आपणांस परका वाटू नये. आपल्यापैकी ज्यांची गावाकडे जमीन आहे त्यांना सात-बाराचा उतारा ठाऊक आहे. खातेदार बदलला की तलाठी फेरफार नोंदवितो आणि जुन्या नावाला कंस पडतो. कंसातल्या नावाला जमीन विकण्याचा अधिकार राहत नाही. तथापि वाद निर्माण झाला म्हणजे न्यायालय तोच जुना फेरफार मागते. जातपडताळणीच्या बाबतीत तर हा अनुभव घरोघरी आहे. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या मानीव दिनांकापूर्वीचा पुरावा मागितला जातो, आणि मग नातवाच्या प्रवेशासाठी आजोबांच्या प्राथमिक शाळेतील निर्गम उताऱ्याची शोधाशोध सुरू होते. त्या उताऱ्याने आजोबांना आज कोणत्याही शाळेत बसता येणार नाही; पण नातवाचे भवितव्य त्यावर अवलंबून असते. परदेशवासाच्या कागदांनाही हाच न्याय लागू आहे.

कागदाला हे महत्त्व कोठून आले?

डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस गेल्या आणि १८८६ साली पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनी मिळविली. त्या काळी हिंदुस्थानातून तिकडे जाणाऱ्यास व्हिसा नावाचा कागद लागत नसे. पुढे काळ पालटला. १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानासह आशियातील फार मोठ्या भूभागातील लोकांना अमेरिकेची दारे बंद झाली. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणूस नागरिक होण्यास पात्र नाही असा निर्णय दिला, आणि ज्यांना नागरिकत्व मिळाले होते त्यांचेही ते काढून घेण्यास प्रारंभ झाला.

या निर्णयाची झळ ज्यांना लागली त्यांत सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णो दास बगाई हे एक होते. १९१५ साली ते पत्नी व मुलांसह तेथे गेले आणि १९२१ साली नागरिक झाले. थिंद निकालानंतर ते नागरिकत्व हिरावले गेले. मायदेशी जाऊन यावे म्हणून त्यांनी पासपोर्ट मागितला तेव्हा अमेरिकेचा पासपोर्ट नाकारण्यात आला आणि ब्रिटिश प्रजाजन म्हणून पासपोर्ट घेण्यास सांगण्यात आले. ज्या सत्तेचे प्रजाजनत्व टाकून ते तेथे गेले होते, तिच्याच दारी पुन्हा जाणे त्यांना मान्य नव्हते. १९२८ साली त्यांनी आपले जीवन संपविले. स्वदेशी जाऊन परत येण्याचा हक्क ही केवळ सोय नव्हे, माणसाच्या प्रतिष्ठेचा तो भाग आहे, हे या एका जीवनावरून ध्यानी यावे.

१९४६ साली दार किंचित उघडले. वर्षाला अवघ्या १०० हिंदी लोकांना प्रवेश आणि नागरिकत्वाची मुभा मिळाली. १९६५ च्या कायद्याने राष्ट्रावर आधारलेली जुनी वाटणी रद्द झाली, आणि आपली डॉक्टर व इंजिनियर मंडळी तिकडे जाऊ लागली. आज नोकरीच्या आधारे मिळणाऱ्या कायम निवासाच्या जागा वर्षाला सुमारे १,४०,००० आहेत आणि कोणत्याही एका देशाच्या वाट्याला सर्वसाधारणपणे शेकडा ७ हून अधिक येत नाहीत. भारतातून अर्ज करणारे फार, म्हणून रांग फार लांब. या रांगेत उभे असतानाच त्या जुन्या कागदांचा ढीग साचतो.

कोणता कागद मृत आणि कोणता जिवंत?

आता प्रत्येक कागदाचा स्वतंत्र विचार करू.

पहिला, पासपोर्टमधील जुना व्हिसा. नोकरीचा एच-१बी असो, कुटुंबीयांचा एच-४ असो वा विद्यार्थ्याचा एफ-१ असो. कायम निवासी झाल्यावर त्यावर प्रवेश मागावयाचा नाही, मग त्यावरील मुदत शिल्लक का असेना. तो आपल्या हाताने खोडू नये आणि ते पान तर कदापि फाडू नये. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे; पान फाटलेला पासपोर्ट निरुपयोगी ठरतो आणि धारकाला संकटात टाकतो. एखाद्या अधिकाऱ्याने व्हिसावर रद्द केल्याचा शिक्का मारला तर त्यात भिण्याजोगे काही नाही.

दुसरा, आय-९४ नावाची आगमन-निर्गमनाची नोंद. पूर्वी ती पांढऱ्या चिठ्ठीच्या रूपाने पासपोर्टला टाचलेली असे आणि देश सोडताना विमान कंपनीचे लोक ती काढून घेत. ३० एप्रिल २०१३ पासून विमानतळांवर व बंदरांवर ही नोंद संगणकावर होऊ लागली. तरीही मुदतवाढीच्या मंजुरीपत्राच्या तळाशी छापलेली आय-९४ पुष्कळांच्या घरी असते, आणि पहिल्या प्रवासात ती परत करावी लागते अशी समजूत रूढ आहे. कायम निवाशाला आय-९४ लागत नाही. ती हंगामी पाहुण्याची नोंद आहे. म्हणून ती घेऊन खिडकीखिडकीशी विचारत फिरण्याचे कारण नाही. कोणी अधिकाऱ्याने मागितलीच तर द्यावी, परंतु तिची प्रत आधी काढून ठेवावी.

तिसरा कागद सर्वांत फसवा आहे. तो म्हणजे ॲडव्हान्स परोल, अर्थात अर्ज प्रलंबित असताना बाहेर जाऊन परत येण्याची आगाऊ परवानगी. हा कधी कागदाच्या रूपाने असतो, तर कधी कामाच्या परवान्यासह एकाच कार्डावर. ते कार्ड आणि ग्रीन कार्ड आकाराने सारखीच, दोन्हींवर छायाचित्र. रात्रभर जागून उतरलेल्या प्रवाशाने एकाच्या जागी दुसरे पुढे करणे अगदी संभवनीय आहे. असे झाले म्हणजे कायम निवासी म्हणून प्रवेश होण्याऐवजी ‘परोल’वर आत सोडल्याची नोंद होऊ शकते, आणि ती दुरुस्त करून घेण्यासाठी पुन्हा कचेरीच्या पायऱ्या चढाव्या लागतात. यावर उपाय सोपा आहे: कार्ड हाती आल्यानंतरच्या प्रवासात हे जुने कार्ड बरोबर नेऊच नये.

याला एक अपवाद आहे. कोणी ॲडव्हान्स परोल घेऊन भारतात आला आणि तो येथे असतानाच तिकडे अर्ज मंजूर झाला, तर ते कागद लगेच टाकाऊ समजू नयेत. घरी आलेले कार्ड विश्वासू माणसाच्या हाती येथे मागवून घेण्याचा मार्ग पुष्कळ जण अनुसरतात. परंतु परतण्यापूर्वी आपल्या वकिलाचे मत अवश्य घ्यावे.

चौथा, मंजुरीपत्र. ‘आपला अर्ज मंजूर झाला’ असे लिहिलेले पत्र पाहून काही जण तिकीट काढण्यास धावतात. हे पत्र आनंदाचे खरे, पण ते प्रवासाचे साधन नव्हे. केवळ त्याच्या बळावर विमानात बसू दिले जात नाही.

आता याची दुसरी बाजू पाहू. ज्याची तारीख उलटली तो कागद मृतच, असेही समजू नये. विवाहाला दोन वर्षे पूर्ण होण्याआधी ज्यांना विवाहाच्या आधारे कायम निवास मिळतो त्यांचे कार्ड दोनच वर्षांचे असते. ती मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत अटी काढून टाकण्याचा अर्ज करावयाचा असतो, आणि २०२३ पासून त्या अर्जाच्या पोचपत्राने जुन्या कार्डाची मुदत ४८ महिन्यांनी वाढते. दहा वर्षांच्या कार्डाचे नूतनीकरण मागणाऱ्यांसही सप्टेंबर २०२४ पासून ३६ महिन्यांची वाढ पोचपत्राने मिळते. अशा वेळी मुदत संपलेले कार्ड आणि मूळ पोचपत्र ही जोडी मिळून एक जिवंत कागद होतो. जुने कार्ड घरी ठेवून नुसते पत्र नेणारा, किंवा पत्र विसरून नुसते कार्ड नेणारा, दोघेही विमान कंपनीच्या खिडकीशी अडतात.

तसेच, जे मुंबईच्या वकिलातीतून स्थलांतराचा व्हिसा घेऊन जातात, त्यांच्या पासपोर्टमधील त्या व्हिसावर प्रवेशाचा शिक्का पडला म्हणजे तो एक वर्षपर्यंत ग्रीन कार्डाचे काम करतो. मधल्या काळात पासपोर्ट बदलला आणि कार्ड अद्याप आले नसले, तर जुना पासपोर्ट नव्याच्या बरोबर बाळगणे अगत्याचे आहे. म्हणून प्रत्येक कागद हाती घेऊन एकच प्रश्न विचारावा: हा कागद आज मला दार उघडून देतो काय? देत असेल तर तो बरोबर न्यावा. नसेल तर तो घरच्या दप्तरात ठेवावा.

तीन पाकिटे

प्रवासाची व्यवस्था तीन पाकिटांत करावी असे मी सुचवितो.

पहिले पाकीट हातातले. यात दोनच वस्तू: मुदतीतला भारतीय पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड. कायम निवास म्हणजे नागरिकत्व नव्हे; आपला मुलगा अजूनही भारताचाच नागरिक आहे. त्याला मुंबईत उतरण्यास व्हिसा नको, आणि परत जाताना त्याच्या अमेरिकेतील हक्काची साक्ष ते कार्ड देते. विमान कंपन्या कार्डाची इतकी कसून तपासणी का करतात असे काहींना वाटते. योग्य कागदांवाचून प्रवासी नेला तर अमेरिकेचे सरकार कंपनीलाच दंड करते, हे त्याचे कारण. परतल्यावर अधिकाऱ्यापुढे ही दोनच ठेवावी, विचारील तेवढ्याचेच सरळ उत्तर द्यावे, आणि न मागितलेला कागद पुढे करू नये.

दुसरे पाकीट हातपिशवीतले. यात कार्डाच्या दोन्ही बाजूंची प्रत, मंजुरीपत्राची प्रत, आणि नावात भेद असल्यास विवाहनोंदणीचा दाखला. हे पाकीट सामानाच्या पेटीत घालू नये. कार्ड भारतात हरवले तर ही प्रतच उपयोगी पडते. वर्षाहून कमी काळ बाहेर असलेल्या कायम निवाशास आय-१३१ए हा अर्ज करून अमेरिकेच्या दूतावासातून विमानात बसण्यापुरता कागद मिळविता येतो.

वाटेतल्या देशांचाही विचार करावा. अमेरिकेचे कार्ड असले तरी तिसरा देश आपणांस भारतीय पासपोर्टधारक म्हणूनच पाहतो. काही ठिकाणी कार्डामुळे सवलत मिळते. उदाहरणार्थ, अमेरिकेच्या कायम निवाशास कॅनडात जाण्यास व्हिसा लागत नाही. परंतु २६ एप्रिल २०२२ पासून मुदतीतला पासपोर्ट आणि निवासाचा पुरावा अशी दोन्ही दाखवावी लागतात. तिकीट काढण्यापूर्वी वाटेतल्या प्रत्येक विमानतळाचा नियम पाहून घ्यावा.

तिसरे पाकीट घरातले, आणि ते सर्वांत जाड. जुने पासपोर्ट, जुनी मंजुरीपत्रे, आय-९४, कामाचे परवाने, ॲडव्हान्स परोल, आयकराची विवरणपत्रे, सारे यात वर्षवार लावून ठेवावे. याचा उपयोग केव्हा होतो? पाच वर्षांनी, आणि नागरिकाशी विवाह झालेल्यांस काही अटींवर तीन वर्षांनी, नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. त्यात मागील काळातील प्रत्येक परदेशप्रवासाच्या तारखा द्याव्या लागतात. आपल्या स्मरणावर कोणी विसंबू नये. जुन्या पासपोर्टमधील मुंबईचे आगमनाचे आणि निर्गमनाचे शिक्के हीच त्या वेळी खरी दैनंदिनी ठरते. शिवाय, मागील काळात आपण नियमाने वागलो काय, असा प्रश्न कोणी विचारला तर उत्तर देणारे साक्षीदार हे जुने कागदच असतात.

येथेच दोन छोट्या कामांचे स्मरण देतो. हंगामी व्हिसावर असताना मिळालेल्या सोशल सिक्युरिटीच्या कार्डावर परवानगीविना काम करता येणार नाही अशा अर्थाची ओळ असते. कायम निवासी झाल्यावर त्या कचेरीत जाऊन ती ओळ नसलेले कार्ड मागता येते. आणि घर बदलले तर दहा दिवसांच्या आत नवा पत्ता स्थलांतर खात्यास कळविणे हे कायद्याने बंधनकारक आहे. हे जे करीत नाहीत त्यांची महत्त्वाची पत्रे जुन्या दारी पडून राहतात.

घाईचा प्रसंग

आतापर्यंत सांगितले ते स्वस्थपणे आखलेल्या प्रवासाविषयी. परंतु आपल्या घरांतून असे प्रवास फार थोडे होतात. रात्री अडीच वाजता पुण्याहून दूरध्वनी येतो, वडिलांना अतिदक्षता विभागात हलविल्याचे कळते, आणि मुलगा मिळेल त्या विमानाने निघतो. अर्ज मंजूर झालेला असतो, पण कार्ड अद्याप आलेले नसते. अशा वेळी काय करावे?

स्थलांतर खात्याच्या संपर्क केंद्रास कळवून निवासाचा तात्पुरता पुरावा मागता येतो. पासपोर्टवर आय-५५१ चा शिक्का मिळतो, किंवा शिक्का व छायाचित्र असलेला कागद मिळतो. हा पुरावा कमाल एक वर्षाचा असून त्यावर प्रवास करून परत येता येते. तो मिळण्यास किती दिवस लागतील हे आधी सांगता येत नाही. म्हणून निकडीचा पुरावा, म्हणजे इस्पितळाचे पत्र, येथील मंडळींनी तत्काळ पाठवावे. माझी आपणां आईवडिलांना आणि थोरल्या भावांना नम्र सूचना आहे की, अशा वेळी “तू लगेच ये” एवढेच सांगू नका, “तुझे कागद हाती आहेत ना?” हेही विचारा. हा प्रश्न कठोर वाटतो, पण त्यात माया कमी नाही. मुलगा अंत्यदर्शनाला पोहोचला आणि परत जाऊ शकला नाही, तर एका घरावर दोन संकटे कोसळतात.

ज्यांच्या मागे पूर्वी कधी अटक वा फौजदारी खटला झालेला असेल, मग तो किती का किरकोळ वाटेना, त्यांनी कार्ड हाती असले तरी प्रवासापूर्वी वकिलाला भेटावे. या बाबतीत मित्रांच्या अनुभवावर विसंबून राहू नये.

स्त्रियांची नावे, वृद्धांची कार्डे

दोन गोष्टी खास आपल्या समाजाच्या म्हणून सांगतो.

विवाहानंतर मुलीचे आडनावच काय, पुष्कळ घरांत पाळण्यातले नावही बदलण्याची आपल्याकडे चाल होती आणि काही ठिकाणी आजही आहे. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, विवाहाच्या पत्रिकेवर दुसरे, पासपोर्टवर तिसरे. येथे सर्वांना ठाऊक असते की ही तीच कुसुम. परदेशच्या खिडकीवरील अधिकाऱ्याला ते ठाऊक असण्याचे कारण नाही. म्हणून विवाहनोंदणीचा दाखला आणि नावबदलाचे राजपत्र ही स्त्रीच्या दृष्टीने दागिन्यांहून मोलाची चीजवस्तू आहे. कार्ड आल्याबरोबर त्यावरील नाव व जन्मतारीख पासपोर्टशी ताडून पाहावी. चूक खात्याची असेल तर ती शुल्कावाचून दुरुस्त होते. आणि तिकीट पासपोर्टवरील नावानेच काढावे.

वृद्धांच्या जन्मनोंदीचीही अशीच कथा. जन्ममृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा १ एप्रिल १९७० पासून अमलात आला. त्यापूर्वी जन्मलेल्या कित्येकांचा दाखलाच नाही. त्यांच्यासाठी नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला, शाळेचा उतारा आणि वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे जोडली जातात. एका भावाच्या अर्जासाठी मोठ्या कष्टाने जमविलेले हे कागद काम झाल्यावर टाकू नयेत. पुढे बहिणीला तेच लागतात, आणि प्रतिज्ञापत्र करणारी वडीलधारी माणसे तोवर राहतीलच असे नाही.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. नागरिक झालेला मुलगा प्रेमाने आईवडिलांसाठी ग्रीन कार्ड करवून घेतो. आईवडील तिकडे जातात, चार-सहा महिने नातवंडांत रमतात आणि मग त्यांना आपले घर, शेजार, देव आठवतात. ते परत येतात आणि कार्ड कपाटात राहते. हे कार्ड म्हणजे हवे तेव्हा वापरण्याचा पर्यटकाचा परवाना नव्हे; आपले कायमचे घर अमेरिकेत आहे अशी ती कबुली आहे. सहा महिन्यांहून अधिक बाहेर राहिल्यास परतताना प्रश्न विचारले जातात. एक वर्ष वा अधिक काळ बाहेर राहिल्यास नुसत्या कार्डावर प्रवेश मिळत नाही. तितके राहावयाचे असेल तर अमेरिकेत असतानाच पुनःप्रवेशाच्या परवान्याचा अर्ज करावा लागतो. तो परवाना सामान्यतः दोन वर्षांचा असतो.

अशा प्रवासात थकलेल्या वृद्धांपुढे क्वचित आय-४०७ नावाचा कागद ठेवला जातो. त्यावर सही करणे म्हणजे कायम निवासाचा हक्क स्वतः होऊन सोडून देणे होय. ती सही ऐच्छिक असते. जो सही करण्यास नकार देईल त्यास स्थलांतर न्यायाधीशापुढे आपले म्हणणे मांडण्याचा हक्क आहे. आपल्या आईला इंग्रजी फारसे येत नसेल तर ही गोष्ट तिला निघण्यापूर्वी मराठीतून नीट समजावून सांगा. न समजलेल्या कागदावर सही करू नये, हे सावकाराच्या काळात आपल्या आजोबांनी जे शिकविले, तेच आजही खरे आहे. आणि ज्या आईवडिलांना खरोखर येथेच राहावयाचे आहे, त्यांनी कार्ड विचारपूर्वक परत करून भेटीपुरता व्हिसा मागणे यातही काही कमीपणा नाही. प्रामाणिक मार्ग तोच की, जो कागद आपण जवळ बाळगतो त्यावर लिहिल्याप्रमाणे आपले जीवन असावे.

संस्थेने काय करावे?

शेवटी कार्यकारी मंडळास माझी एक विनंती आहे. विद्यार्थ्यांना पुस्तके देण्याचे आणि गरजूंना शिष्यवृत्ती देण्याचे कार्य आपण करीतच आहोत. त्याबरोबर प्रत्येक कुटुंबाने ठेवावयाच्या कागदांची एक यादी छापून घरोघरी द्यावी. जन्म, शाळा, विवाह, नाव, प्रवास आणि निवास अशी सहा सदरे तीत असावीत. महिन्यातील एका रविवारी, आपल्यातील ज्यांना या कामाचा अनुभव आहे अशा दोघातिघांनी कार्यालयात बसून वृद्धांचे कागद लावून द्यावेत. वकिलाचे काम वकील करील. कागद लावण्याचे काम ज्ञाती करू शकते.

आपल्या पूर्वजांनी जमीनजुमला फारसा ठेवला नसेल, परंतु दप्तरे ठेवली. दानपत्रे, खतपत्रे, वंशावळी त्यांनी पावसापासून, वाळवीपासून आणि दरोडेखोरांपासून जपल्या, म्हणून आपण कोण हे आज आपणांस सांगता येते. आपली मुले दूर देशी नवे घर उभारीत आहेत. त्या घराचे पहिले दप्तर म्हणजे हीच आय-९४ ची चिठ्ठी, हाच कालबाह्य परवाना, हाच कंस पडलेला व्हिसा. प्रवासात हे कागद हाती धरू नयेत, पण घरात त्यांना जागा असावी.

 आपल्या मुलाबाळांचे जाणे-येणे सुखरूप होवो, एवढी प्रार्थना करून आपली रजा घेतो.